ओझे आणि प्रतिमा : मोठ्या आकाराच्या छायाचित्रणातील सामग्रीचे वहन व मांडणी – एक समीक्षात्मक विचार

प्रस्तावना

छायाचित्रकलेच्या समीक्षेत प्रतिमेचा विचार बहुधा ती कागदावर उमटल्यानंतर सुरू होतो. रचना, छायाप्रकाश, विषयाची निवड, कलावंताची दृष्टी या अंगांनी चित्राचे विवेचन केले जाते आणि ते योग्यही आहे. तथापि कॅमेरा त्या जागी पोहोचला कसा, तो कोणी वाहून नेला, सोबत किती काचा किंवा फिल्म होत्या, कोणती वस्तू हाताशी होती आणि कोणती नव्हती, हे प्रश्न चरित्रातील रंजक किस्से म्हणून बाजूला ठेवले जातात. मराठी साहित्यसमीक्षेत 'निर्मितीप्रक्रिया' या संकल्पनेची दीर्घकाळ चर्चा झाली आहे. छायाचित्राच्या बाबतीत ही प्रक्रिया केवळ मनात घडत नाही. तिचा मोठा भाग पाठीवरच्या पेटीत आणि पायाखालच्या वाटेवर घडतो.

मोठ्या आकाराच्या फिल्मवर किंवा काचेवर केलेले छायाचित्रण हे या दृष्टीने सर्वांत स्पष्ट उदाहरण ठरते. येथे सामग्रीचे वजन, तिची संख्या आणि तिची मांडणी प्रतिमेच्या घडणीत थेट सहभागी होतात. हा सहभाग काही प्रसिद्ध चित्रांच्या आधारे दाखवणे आणि त्यातून समीक्षेसमोर कोणती जबाबदारी उभी राहते याचा विचार करणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

१. सामग्रीचे स्वरूप आणि मांडणीचे व्याकरण

सर्वसाधारणपणे ४ × ५ इंच व त्याहून मोठ्या निगेटिव्हला मोठा आकार म्हटले जाते. प्रचलित ३५ मिलिमीटर फिल्मवरील चौकट २४ × ३६ मिलिमीटरची असते. तिच्या तुलनेत ४ × ५ इंची निगेटिव्हचे क्षेत्रफळ सुमारे १५ पट आणि ८ × १० इंची निगेटिव्हचे सुमारे ९५ नव्हे, तर ६० पट भरते. सूक्ष्म तपशील आणि राखाडी छटांचे अखंड संक्रमण हा या क्षेत्रफळाचा लाभ होय. ८ × १० इंची निगेटिव्ह कागदावर थेट ठेवून, वर्धन न करता, पूर्ण आकाराची प्रत काढता येते.

या लाभाची किंमत ओझ्याच्या रूपाने चुकवावी लागते. लाकडी किंवा धातूचा कॅमेरा, त्याचा भाता, दोनतीन भिंगे, भक्कम ट्रायपॉड, डोक्यावरून घ्यायचे काळे कापड, प्रकाशमापक, फिल्टर आणि फिल्म होल्डर ही किमान सामग्री होय. रोल फिल्मप्रमाणे येथे एकामागून एक चित्रे घेता येत नाहीत. प्रत्येक शीट फिल्म स्वतंत्र असते आणि एका होल्डरमध्ये, दोन बाजूंना मिळून, दोनच शीट बसतात. दहा चित्रे घ्यायची तर पाच होल्डर बरोबर हवेत. ८ × १० इंची होल्डर शाळेच्या पाटीहून मोठा असतो. दिवसभरात किती वेळा पाहावयाचे, याचा निर्णय अशा रीतीने घरातून निघतानाच घेतला जातो.

सामग्रीच्या मांडणीला स्वतःचे व्याकरण आहे. होल्डरवरील सरकत्या झाकणाच्या, म्हणजे डार्क स्लाइडच्या, कडेची एक बाजू पांढरी व दुसरी काळी असते. पांढरी बाजू बाहेर असल्यास आतील फिल्म कोरी आणि काळी बाजू बाहेर असल्यास ती वापरलेली, असा संकेत रूढ आहे. शीटच्या कोपऱ्यावर खाचा असतात. पूर्ण अंधारात फिल्म भरताना त्या बोटांना लागतात आणि त्यांवरून फिल्मचा प्रकार व रसायनलेपित बाजू ओळखता येते. कोरे होल्डर एका कप्प्यात व वापरलेले दुसऱ्यात ठेवणे, प्रत्येक होल्डर धूळ लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळणे, त्यावर क्रमांक घालून वहीत नोंद करणे या सवयींना वरवर पाहता टापटिपीपलीकडे अर्थ दिसत नाही. प्रत्यक्षात या सवयी स्मरणशक्तीचे काम करतात. चुकून तीच शीट पुन्हा वापरली गेली, तर दोन्ही चित्रे हातची जातात.

कृतीचा क्रमही ठरलेला असतो. प्रथम ट्रायपॉड, मग कॅमेरा, मग भिंग. त्यानंतर काळ्या कापडाखाली घासलेल्या काचेवर उलटी पडलेली प्रतिमा पाहून रचना व रेखीवता साधायची. मग भिंग बंद करायचे, होल्डर सरकवायचा आणि शेवटी डार्क स्लाइड ओढायची. भिंग बंद करण्यापूर्वी डार्क स्लाइड ओढली, तर शीट वाया जाते. पूजेची तयारी करताना जी वस्तू आधी लागते ती हाताशी ठेवावी, तशी या पिशवीची रचना कृतीच्या क्रमाने करावी लागते. पिशवीतील क्रम बिघडला की कृतीचा क्रम बिघडतो, आणि प्रकाश मात्र कोणासाठी थांबत नाही.

२. तंबू, खेचरे आणि माणसे

शीट फिल्म येण्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, ओल्या कलोडियनची पद्धत प्रचलित होती. या पद्धतीत काचेवर जागीच लेप द्यावा लागे आणि तो वाळण्यापूर्वी काच कॅमेऱ्यात घालून, प्रकाश दाखवून, लगेच धुवावी लागे. अर्थातच छायाचित्रकाराला अंधारखोली बरोबर न्यावी लागे.

टिमथी ओसलिव्हन याने १८६७ मध्ये, क्लॅरन्स किंग यांच्या नेतृत्वाखालील भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी काम करताना, नेवाडातील कार्सन वाळवंटात घेतलेले वाळूच्या टेकड्यांचे चित्र या संदर्भात मूलगामी ठरते. चित्रात वाळूचा निर्जन विस्तार आहे आणि मध्यभागी खेचरे जोडलेली एक गाडी उभी आहे. गाडीपासून कॅमेऱ्याकडे येणाऱ्या पावलांच्या खुणा वाळूत उमटल्या आहेत. निसर्गाच्या विराटपणापुढे माणसाचे एकाकीपण, असा या चित्राचा अर्थ लावण्याचा मोह होतो. परंतु ती गाडी म्हणजे ओसलिव्हनची फिरती अंधारखोली होय. पावलांच्या खुणा म्हणजे काच तयार करण्याची जागा आणि चित्र घेण्याची जागा यांना जोडणारी वाट होय. ओली काच किती दूर नेता येईल, यावर दृष्टिबिंदू अवलंबून होता, आणि ते अंतर चित्रातच नोंदले गेले आहे. वहनाची व्यवस्था स्वतःच चित्राचा विषय बनल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. ते एकाकीपणाचे चित्र म्हणून वाचणे अपुरे ठरते.

विल्यम हेन्री जॅक्सन याच्या कामातही हाच धागा दिसतो. हेडन सर्वेक्षणाबरोबर त्याने १८७३ मध्ये कोलोरॅडोतील माउंट ऑफ द होली क्रॉस या शिखराचे, बर्फाने भरलेल्या क्रूसाकार घळींचे चित्र घेतले. खेचरे जाऊ शकत नव्हती त्या शेवटच्या चढणीवर सामान माणसांच्या पाठीवरून न्यावे लागले. काचा धुण्यासाठी पाणी हवे होते आणि ते सकाळच्या उन्हाने बर्फ वितळेपर्यंत मिळणार नव्हते. अमेरिकेत धार्मिक भावनेने पाहिल्या गेलेल्या या चित्राची वेळ ठरवण्यात वितळत्या बर्फाचा असा वाटा होता. पुढे १८७५ मध्ये जॅक्सनने २० × २४ इंची काचांचा कॅमेरा डोंगरात नेला. एवढ्या काचा खेचरांच्या पाठीवर सांभाळून नेणे हे चित्र घेण्याइतकेच कौशल्याचे काम होते.

३. सॅम्युएल बोर्न आणि हिमालयातील भारवाहक

भारतीय वाचकाला हा प्रश्न अधिक निकटचा वाटेल तो सॅम्युएल बोर्न याच्या संदर्भात. नॉटिंगहॅममधील बँकेची नोकरी सोडून बोर्न १८६३ मध्ये भारतात आला. पुढे 'बोर्न अँड शेपर्ड' या नावाने प्रसिद्धीस आलेल्या आणि कोलकात्यात २०१६ पर्यंत चाललेल्या छायाचित्रगृहाचा तो एक संस्थापक. १८६३ ते १८६६ या काळात त्याने हिमालयात तीन मोठे प्रवास केले. पहिल्या प्रवासात सुमारे ३० हमाल त्याच्याबरोबर होते आणि १८६४ मधील काश्मीरच्या प्रवासात ४२. सामानात १२ × १० इंची काचा, रसायने आणि छत्रीप्रमाणे उघडझाप करता येणारा अंधारतंबू होता. १८६६ मध्ये त्याने सुमारे १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडीत चित्रे घेतली.

'ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी' या नियतकालिकात बोर्नने या प्रवासांची विस्तृत वर्णने प्रसिद्ध केली. या वर्णनांत हमालांचा उल्लेख वारंवार येतो, परंतु तो प्रामुख्याने अडचण म्हणून येतो. ओझी टाकून हमाल निघून गेल्याचे आणि काठीच्या धाकाने त्यांना पुन्हा कामाला लावल्याचे तो निःसंकोचपणे लिहितो. पहाडी संस्थानांत त्या काळी बेगारीची पद्धत रूढ होती, ही पार्श्वभूमी येथे लक्षात घेणे अगत्याचे आहे. ओझे टाकून जाणे हा त्या व्यवस्थेला माणसाने दिलेला नकार होता. बोर्नच्या लेखनात मात्र तो आळस म्हणून नोंदला जातो.

बोर्नच्या चित्रांची नितळता, दूरवरच्या हिमरेषेपर्यंत टिकून राहणारी स्पष्टता आणि संतुलित रचना यांची प्रशंसा सार्थच आहे. परंतु ही नितळता ज्या काचांवर उमटली, त्या काचा अनेक अनामिक पाठींवरून वर चढल्या. या माणसांची नावे चित्रांच्या शीर्षकांत नाहीत आणि बहुतेक ठिकाणी चित्रांतही ती माणसे दिसत नाहीत. जेथे दिसतात, तेथे डोंगराची उंची कळावी यासाठी ठेवलेल्या मापासारखी दिसतात. त्यामुळे बोर्नच्या चित्रांतील निर्जन शांतता ही वस्तुस्थितीची नोंद मानता येत नाही. कॅमेऱ्याच्या मागे माणसांचा तळ पडलेला असताना पुढच्या चौकटीत एकांत रचला गेला. तो रचलेला आहे हे सांगणे समीक्षेचे काम आहे.

येथेच दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. एवढे ओझे आणि एवढे श्रम यांमुळे बोर्नची दृष्टी आपोआप मौलिक झाली नाही. पाणी, झाड, पूल आणि मागे डोंगर या इंग्रजी निसर्गचित्राच्या साच्यात हिमालय बसत नाही, ही खंत त्याच्या लेखनात दिसते, आणि त्याची पुष्कळ चित्रे तो साचा शोधत फिरल्याची साक्ष देतात. ओझ्यामुळे चित्राचे स्पष्टीकरण मिळते. त्याचे मूल्य त्याने ठरत नाही.

बोर्नच्या पुढच्या पिढीतील इटालियन छायाचित्रकार व्हित्तोरिओ सेल्ला याने हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. आल्प्समध्ये काम करताना तो ३० × ४० सेंटिमीटरच्या काचा वापरी आणि अशी एक काच जवळजवळ एक किलो वजनाची असे. त्या सुरक्षित नेता याव्यात म्हणून त्याने खोगिरांत व पाठपिशव्यांत स्वतः सुधारणा केल्या. १८९९ मध्ये कांचनजंगेभोवतीच्या आणि १९०९ मध्ये के-२ च्या मोहिमेत तो सहभागी होता. सेल्लाच्या बाबतीत पिशवीची घडण ही कॅमेऱ्याच्या निवडीइतकीच विचारपूर्वक केलेली कृती ठरते. तो स्वतः गिर्यारोहक असल्याने ओझ्याचा अनुभव त्याच्या अंगावर होता. त्याच्या चित्रांत डोंगराचा चढ पायांना जाणवतो, याचे एक कारण येथे शोधता येईल.

४. दोन उरलेल्या काचा : हाफ डोम, १९२७

ॲन्सेल ॲडम्स याचे 'मोनोलिथ, द फेस ऑफ हाफ डोम' हे चित्र विसाव्या शतकातील निसर्गछायाचित्रणाचा एक टप्पा मानले जाते. १० एप्रिल १९२७ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो भावी पत्नी व्हर्जिनिया बेस्ट आणि काही मित्रांसह योसेमिटी दरीतील 'डायव्हिंग बोर्ड' या कड्यावर चढला. पाठीवरील सामानात साडेसहा × साडेआठ इंची काचांचा कॅमेरा, दोन भिंगे, फिल्टर, लाकडी ट्रायपॉड आणि १२ काचा होत्या. हे ओझे सुमारे ४० पौंडांचे होते.

वाटेत घेतलेल्या चित्रांत आणि चुकांत दहा काचा संपल्या. हाफ डोमचा उभा कडा समोर आला, तेव्हा दोनच काचा उरल्या होत्या. पहिल्या काचेसाठी त्याने पिवळा फिल्टर वापरला. चित्र घेतल्यावर लगेच त्याच्या लक्षात आले की, या फिल्टरमुळे आकाश जसे आहे तसे येईल. मनात उमटलेला कड्याचा गंभीर, दडपून टाकणारा भाव मात्र येणार नाही. मग शेवटच्या काचेसाठी त्याने गडद लाल फिल्टर लावला आणि पाच सेकंदांचा अवकाश दिला. आकाश जवळजवळ काळे झाले आणि कडा त्यातून उसळून पुढे आला. चित्र घेण्यापूर्वीच अंतिम प्रतिमा मनात पाहण्याच्या आपल्या पद्धतीचा उगम ॲडम्सने पुढे याच प्रसंगात दाखवला.

या प्रसंगाचे स्पष्टीकरण सहसा प्रतिभेच्या परिभाषेत दिले जाते. परंतु येथे संख्येचे महत्त्व दुर्लक्षून चालणार नाही. त्याच्याजवळ शंभर काचा असत्या, तर प्रत्येक फिल्टर लावून पाहता आला असता आणि घरी जाऊन निवड करता आली असती. शेवटची एकच काच उरली असल्याने निवड कड्यावरच, आणि मनातच, करावी लागली. 'आधी मनात पाहणे' या सौंदर्यतत्त्वाचा जन्म टंचाईत झाला, असे म्हणण्यास येथे आधार आहे. तसेच लाल फिल्टर त्या दिवशी सामानात होता, ही गोष्टही क्षुल्लक नाही. वजन कमी करण्यासाठी तो मागे ठेवला असता, तर हे चित्र या रूपात जन्मलेच नसते. पिशवी भरताना केलेली निवड हा अशा रीतीने चित्राचा पहिला आराखडा असतो.

५. न सापडलेला प्रकाशमापक : हर्नांडेझ, १९४१

चौदा वर्षांनंतरचा दुसरा प्रसंग याच्या उलट्या बाजूने बोलका आहे. १९४१ च्या शरद ऋतूत ॲडम्स न्यू मेक्सिकोतून मोटारीने परतत होता. हर्नांडेझ गावाजवळ मावळत्या उन्हात स्मशानातील पांढरे क्रूस उजळलेले आणि वर चंद्र उगवलेला, असे दृश्य त्याला दिसले. गाडी थांबवून त्याने ८ × १० इंची कॅमेरा घाईने उभा केला. सर्व सामान हाती आले, परंतु प्रकाशमापक सापडेना. तेव्हा चंद्राच्या पृष्ठभागाची दीप्ती दर चौरस फुटास सुमारे २५० कँडल असते, हे त्याला आठवले. त्या आधारे मनात हिशेब करून त्याने एक सेकंदाचा अवकाश दिला. दुसरे चित्र घेण्यासाठी होल्डर उलटा करीपर्यंत क्रूसांवरचे ऊन गेले होते.

'मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको' या चित्राची ही कथा छायाचित्रणाच्या वर्गांत ज्ञानाच्या विजयाची कथा म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. परंतु ती मांडणीतील दोषाचीही कथा आहे. अव्यवस्थेची भरपाई ज्ञानाने झाली. शिवाय जे सामान सापडले, ते काही सेकंदांत, पाहण्याचीही गरज न लागता हाती आले, म्हणूनच एक तरी निगेटिव्ह मिळाली. ती निगेटिव्ह एकमेव असल्याने पुढची अनेक दशके ॲडम्सने तिच्या प्रती वेगवेगळ्या गडदपणाने काढल्या, आणि पुढच्या प्रतींत आकाश अधिकाधिक काळे होत गेले. होल्डर उलटा करण्यास लागलेल्या काही क्षणांचा परिणाम प्रतींच्या या दीर्घ इतिहासापर्यंत पोहोचतो.

६. मोटार आणि सहप्रवासी : एडवर्ड वेस्टन

एडवर्ड वेस्टन याला १९३७ मध्ये गुगेनहाइम पाठ्यवृत्ती मिळाली. ती मिळवणारा तो पहिला छायाचित्रकार. त्यातून कॅलिफोर्निया व अमेरिकेच्या पश्चिम भागात त्याने दोन वर्षे प्रवास केला आणि ८ × १० इंची कॅमेऱ्यावर सुमारे १,५०० निगेटिव्ह घेतल्या. सामान मोटारीत असल्याने पाठीवरचे ओझे हलके झाले आणि निगेटिव्हची संख्या वाढली. त्याबरोबरच रस्त्यापासून किती दूर जायचे, हा नवा प्रश्न निर्माण झाला.

वेस्टन स्वतः मोटार चालवीत नसे. मोटार कॅरिस विल्सन चालवीत. प्रवासाची दैनंदिन नोंद त्या ठेवीत आणि त्या नोंदींवरून 'कॅलिफोर्निया अँड द वेस्ट' या १९४० मधील ग्रंथाचा मजकूर त्यांनीच लिहिला. मुक्काम, शिधा, रस्ते आणि नोंदी यांची व्यवस्था दुसऱ्या व्यक्तीने सांभाळल्यामुळे वेस्टनला काळ्या कापडाखालची एकाग्रता साधता आली. समीक्षेत कॅरिस विल्सन यांची ओळख दीर्घकाळ प्रामुख्याने वेस्टनच्या चित्रांतील व्यक्ती म्हणून राहिली. त्या चित्रांची वाट आखणारी व्यक्ती म्हणून त्यांच्याकडे पाहिले, तर या कालखंडातील कामाचे श्रेय वेगळ्या रीतीने वाटावे लागते. बोर्नचे हमाल आणि कॅरिस विल्सन यांची परिस्थिती अर्थातच एक नव्हे. सक्तीचे श्रम आणि स्वेच्छेचे सहकार्य यांत मूलभूत भेद आहे. तथापि दोन्ही ठिकाणी 'एकट्या कलावंताची दृष्टी' या कल्पनेने इतरांचे काम झाकले गेले, एवढे साम्य मान्य करावे लागते.

वेस्टनच्या अखेरच्या वर्षांत ओझ्याचा प्रश्न शरीरापर्यंत येऊन पोहोचला. कंपवाताने ग्रासल्यामुळे १९४८ मध्ये पॉइंट लोबोस येथे घेतलेल्या चित्रांनंतर त्याचे छायाचित्रण थांबले. दृष्टी शाबूत होती, परंतु कॅमेरा उभारणारे हात साथ देईनात. छायाचित्रकाराची कारकीर्द डोळ्याने नव्हे, तर शरीराच्या वाहण्याच्या शक्तीने मोजली जाऊ शकते, याचे हे गंभीर उदाहरण होय.

७. समीक्षेपुढील आक्षेप आणि उत्तर

या विचारावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, कलाकृतीचे मूल्य तिच्या निर्मितीच्या कष्टांवर ठरत नाही. हा आक्षेप ग्राह्य आहे आणि बोर्नच्या संदर्भात तो वर नोंदवला आहे. लहान कॅमेऱ्याने, खिशातून काढून घेतलेले चित्र श्रेष्ठ असू शकते, आणि खेचरांच्या तांड्याने वाहून नेलेल्या काचेवरचे चित्र सामान्य असू शकते. प्रस्तुत विवेचनाचा रोख श्रमाला गुण देण्याकडे नाही. चित्रातील कोणती गोष्ट निवड आहे आणि कोणती मर्यादा, हे ओळखल्याशिवाय चित्राचे वाचनच चुकते, एवढाच त्याचा दावा आहे. ओसलिव्हनच्या गाडीचा अर्थ न कळता त्या चित्राला एकाकीपण चिकटवणे, हा अशाच चुकीच्या वाचनाचा प्रकार होय.

दुसरा आक्षेप सैद्धांतिक आहे. रोझलिंड क्राउस यांनी १९८२ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले की, ओसलिव्हनसारख्यांच्या सर्वेक्षणचित्रांना संग्रहालयाच्या भिंतीवरील निसर्गचित्रांचे निकष लावणे अनैतिहासिक आहे. ही चित्रे स्टिरिओ दर्शकात आणि नोंदींच्या कपाटांत वावरत होती. हे प्रतिपादन मौलिक आहे. मात्र त्यात चित्र कोठे साठवले व पाहिले गेले याला जे महत्त्व मिळाले, ते चित्र कसे वाहिले गेले याला मिळत नाही. कपाटाचा खण जसा चित्राचा अर्थ ठरवतो, तसा खेचराच्या पाठीवरील पेटीचा कप्पाही ठरवतो. पहिल्याकडे समीक्षा वळली आहे. आता तिने दुसऱ्याकडेही वळणे उचित ठरेल.

या दृष्टीचा उपयोग महाराष्ट्रातील अभ्यासकालाही होण्याजोगा आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करणाऱ्या रॉबर्ट गिल याने छायाचित्रणही केले. जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत स्टिरिओ पद्धतीची लहान चित्रे आहेत. त्याच काळात बोर्न १२ × १० इंची काचा डोंगरात नेत होता. एकाच देशातील, एकाच दशकातील या दोन आकारांची तुलना करताना शैलीबरोबर वहन, प्रकाश आणि प्रेक्षक यांचाही विचार करावा लागेल. पश्चिम भारतातील लेणी व किल्ले यांच्या एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांची सूची करताना छायाचित्रकार व स्थळ यांबरोबर काचेचा आकार, प्रवासाची पद्धत आणि उपलब्ध असल्यास सोबतच्या माणसांची नोंद करणे, हे या विचाराचे व्यावहारिक फलित ठरू शकेल.

समारोप

अंकीय कॅमेऱ्याच्या काळातही शीट फिल्मचे उत्पादन पूर्णपणे थांबलेले नाही आणि मोठ्या आकाराचे छायाचित्रण मर्यादित प्रमाणात का होईना, चालू आहे. ओझ्याचे स्वरूप मात्र बदलले आहे. आज विमानतळावरील नव्या सीटी पद्धतीच्या तपासणीयंत्रांतून फिल्म गेल्यास ती धुरकटते. आणि तपासनिसाने शीट फिल्मचे खोके उघडले, तर सर्वच फिल्म वाया जाते. खेचर घसरण्याच्या भीतीची जागा अशा नव्या भीतीने घेतली आहे. काय न्यायचे, कोणत्या क्रमाने ठेवायचे आणि कोणावर विसंबायचे, हे तीन प्रश्न कायम आहेत.

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात. मोठ्या आकाराच्या छायाचित्रणात सामग्रीची निवड व मांडणी हा रचनेचा पहिला टप्पा असतो. मर्यादित काचा किंवा शीट यांमुळे पाहण्याची एक विशिष्ट शिस्त निर्माण होते, आणि 'आधी मनात पाहणे' यासारखी सौंदर्यतत्त्वे त्या शिस्तीतून उगम पावतात. चित्रातील एकांत हा पुष्कळदा अनेकांच्या उपस्थितीत रचलेला असतो. म्हणून कर्तृत्वाचा विचार करताना ओझे वाहणाऱ्यांचा आणि व्यवस्था सांभाळणाऱ्यांचा विचार अपरिहार्य ठरतो.

बोर्नच्या हमालांची नावे आता मिळण्याची शक्यता कमी आहे. तरीही मणिरंग खिंडीतील चित्रासमोर उभे असताना, ही काच येथवर कोणी आणली, हा प्रश्न विचारणे वाचकाच्या हाती आहे. तो विचारल्याने चित्राचे सौंदर्य उणावत नाही. त्या सौंदर्याचे देणे कोणाकोणाचे आहे, हे मात्र स्पष्ट होते.